नाव ठेवणे आणि नावे ठेवणे

'नाव ठेवणे' आणि 'नावे ठेवणे' ह्या दोन शब्दप्रयोगांत मराठीने केवळ एका मात्रेचे अंतर राखले आहे. अर्थात मात्र जमीनअस्मानाचा फरक पडतो. पाळण्यातल्या बाळाचे आपण नाव ठेवतो आणि शेजाऱ्याला नावे ठेवतो. पहिल्या कृतीत स्वीकार आहे, दुसरीत धिक्कार. पण ही दोन कृत्ये खरोखरच इतकी वेगळी आहेत का? एखाद्या वस्तूला नाव देता देताच आपण तिला नावे ठेवीत नाही ना? आणि तसे होत असेल, तर नाव देणे ही नुसती व्याकरणाची बाब न राहता न्याय-अन्यायाची बाब ठरते. ह्या लेखात तोच प्रश्न हाताळावयाचा आहे आणि त्यासाठी एक अगदी साधे उदाहरण घ्यावयाचे आहे: धड पाणीही नव्हे आणि धड जमीनही नव्हे, अशा ओल्या भूमीचे.

उत्पत्तीच्या पुस्तकातील दुसरा अध्याय आपणांस परिचित आहे. परमेश्वर प्राण्यांना आदामापुढे आणतो आणि आदाम त्यांना काय नावे देतो ते पाहतो. नाव देण्याचा अधिकार मानवाला मिळाला, तो असा देवाच्या डोळ्यांदेखत मिळाला. त्याच ग्रंथाच्या पहिल्या अध्यायात देव पाणी आणि कोरडी भूमी वेगळी करतो, आणि दोहोंना नावे देतो. परंतु जेथे ती दोन्ही एकमेकांत मिसळून राहिली, त्या जागेचे काय? तिचे नाव माणसाने ठेवले. ते कसे ठेवले, हे पाहण्यासाठी प्रथम इंग्रजी भाषेकडे वळू. कारण ओलसर हवेच्या त्या बेटावर अशा भूमीसाठी शब्दांचे मोठे भांडार साठलेले आहे आणि त्या भाषेचे शब्द आज आपल्या सरकारी कागदांपर्यंत येऊन पोहोचले आहेत.

मराठीत आपण सरसकट 'दलदल' म्हणून मोकळे होतो, तेथे इंग्रजीत निदान सहा-सात शब्द उभे राहतात. 'मार्श' म्हणजे गवत-लव्हाळ्यांची, झाडे नसलेली ओली जमीन. हा शब्द प्राचीन जर्मानिक भाषांतील सरोवर व समुद्र ह्या अर्थाच्या शब्दाचा वंशज आहे. लॅटिनमधील समुद्रवाचक 'मारे' हा त्याचाच आप्त. म्हणजे मार्श म्हणजे मुळात लहानसा समुद्रच. 'फेन' हा शब्द इंग्लंडच्या पूर्वेकडील विस्तीर्ण पाणथळ मुलखाला लावला जातो. भाषाशास्त्रज्ञ त्याचे मूळ शोधीत मागे जातात तेव्हा त्यांना ज्या धातूची चाहूल लागते, त्याच धातूशी ते आपल्या संस्कृत 'पंक' शब्दाचे नाते जोडतात. इंग्लंडातील फेन आणि आपल्या पंकजातील पंक हे अशा रीतीने दूरचे भाऊबंद ठरतात. 'मायर' हा शब्द उत्तरेकडील दर्यावर्दी नॉर्स लोकांनी आणला. 'बॉग' हा आयर्लंड-स्कॉटलंडच्या गेलिक भाषांनी इंग्रजीला दिलेला शब्द. त्याचा मूळ अर्थ केवळ 'मऊ' एवढाच. आणि 'स्वॉम्प', म्हणजे झाडे उभी असलेली दलदल, हा शब्द छापील इंग्रजीत प्रथम दिसतो तो 1624 साली, कॅप्टन जॉन स्मिथ ह्याने अमेरिकेतील व्हर्जिनिया वसाहतीविषयी लिहिलेल्या ग्रंथात. नव्या भूमीवर पाऊल ठेवणाऱ्यांना नव्या शब्दाची गरज भासली.

येथपर्यंत सर्व निर्मळ आहे. समुद्र, चिखल, मऊपणा ही डोळ्यांनी पाहिलेली आणि पायांनी जाणवलेली सत्ये आहेत. त्यांत कोठे निंदा नाही. निंदा नंतर आली, आणि ती कशी आली हे पाहण्यासारखे आहे.

'बेओवुल्फ' ह्या प्राचीन इंग्रजी महाकाव्यातील नरभक्षक ग्रेंडेल राहतो तो फेनच्या मुलखात. सातव्या शतकाच्या अखेरीस संत गुथलॅक नावाचा एक तरुण योद्धा तलवार टाकून एकांतवासासाठी त्याच मुलखातील क्रोलंड ह्या बेटावर गेला. त्याचे चरित्र फेलिक्स नावाच्या मठवासीयाने लिहिले आहे. त्यात दलदलीतील भुते संताला छळतात; आणि एका रात्री ही भुते शेजारच्या ब्रिटन लोकांच्या भाषेत बोलताना त्याला ऐकू येतात! ज्यांच्याशी आपले वैर, त्यांची भाषा भुतांच्या तोंडी. ओल्या भूमीला ठेवलेली नावे किती सहज तिथल्या अथवा शेजारच्या माणसांवर जाऊन बसतात, ह्याचे हे जुने उदाहरण होय. पुढे सतराव्या शतकात इंग्रजांनी आयरिश माणसाला हिणवण्यासाठी 'बॉगट्रॉटर', म्हणजे दलदल तुडवीत हिंडणारा, असा शब्द वापरात आणला. ज्यांच्या भाषेने 'मऊ' असा सौम्य शब्द दिला, त्याच लोकांच्या अंगावर तो शिवी होऊन परतला. इंग्लंडमध्ये तो काळ कॅथलिक धर्माच्या छळाचा होता आणि आयर्लंडचे बहुसंख्य लोक कॅथलिक होते, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगावयास नको.

जॉन बनियनने 1678 साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या रूपककथेत यात्रेकरूला प्रथम जेथे रुतविले ती जागा म्हणजे निराशेची दलदल. व्हर्जिनिया आणि उत्तर कॅरोलायना यांच्या सीमेवर एक प्रचंड दलदल आहे. तिचे नावच 'ग्रेट डिस्मल स्वॉम्प'. 'डिस्मल' म्हणजे उदासवाणे; हा शब्द लॅटिनमधील 'वाईट दिवस' ह्या अर्थाच्या शब्दांपासून झाला. ती दलदल उपसून शेतजमीन करण्यासाठी 1763 साली जी कंपनी निघाली, तिच्या चालकांत जॉर्ज वॉशिंग्टन होता. जमीनदाराच्या दृष्टीने ती जागा उदासवाणी खरीच. परंतु मळ्यांतून पळून आलेले कृष्णवर्णीय गुलाम त्याच दलदलीतील उंचवट्यांवर पिढ्यान् पिढ्या वस्ती करून राहिले. शिकारी कुत्री आणि बंदुका जेथे पोहोचत नव्हत्या, ती जागा त्यांच्या लेखी स्वातंत्र्याची होती. नकाशावर मात्र नाव उमटले ते जमीनदाराने पाहिलेल्या रूपाचे. नकाशा काढणाऱ्याने पळालेल्या गुलामाला त्या जागेचे नाव विचारले असते, तर?

शब्दाने केवळ माणसांवर अन्याय होतो असे नाही. ज्ञानाचाही मार्ग अडतो. 'मलेरिया' हा इटालियन शब्द, 'वाईट हवा' असा त्याचा अर्थ. दलदलीवरून येणारी कुंद हवाच ताप आणते, अशी समजूत त्या नावात कायमची कोरली गेली. 1897 साली सिकंदराबादला रोनाल्ड रॉस ह्याने डासाच्या पोटात मलेरियाचा जंतू पाहिला आणि हवेवरचा आरोप खोटा ठरला. आरोप गेला, नाव राहिले. आजही आपण तापाचे नाव घेताना हवेला दोष देतो.

आता कोणी म्हणेल की हा सारा परक्यांचा इतिहास झाला. निसर्गाची पूजा करणाऱ्या आपल्या देशात असे झाले नसेल. परंतु आपल्या शब्दांची झडती घेतली तर तेथेही फारसे वेगळे चित्र दिसत नाही.

आयुर्वेदाने भूमीचे तीन प्रकार सांगितले: जांगल, आनूप आणि साधारण. जांगल म्हणजे थोडे पाणी आणि विरळ झाडे असलेला, मोकळ्या वाऱ्याचा कोरडा प्रदेश. आनूप म्हणजे पाण्याने भरलेला. वैद्यांनी आनूप देश कफ-वाताचे विकार वाढविणारा ठरविला आणि स्मृतिकारांनी राजाला वसतीसाठी जांगल देश सुचविला. येथे एक गंमत सांगण्यासारखी आहे. हाच 'जांगल' शब्द पुढे 'जंगल' झाला, इंग्रजांनी तो उचलला, आणि आज त्याचा अर्थ घनदाट, दमट, पाऊल टाकायला जागा नसलेले अरण्य असा होतो. कोरड्याचा ओला झाला! शब्दांचे अर्थ असे कूस बदलतात. म्हणूनच नावाला चिरकालचे सत्य मानून चालत नाही.

अमरकोशात 'अनूप' आणि 'कच्छ' हे शब्द जलमय भूमीसाठी शेजारी शेजारी दिले आहेत. त्याच कोशात 'पंक' हा शब्द दोन ठिकाणी भेटतो. एकदा चिखलाच्या पर्यायांत, कर्दमाच्या सोबतीने. आणि एकदा पापाच्या पर्यायांत, कल्मष आणि किल्बिष यांच्या सोबतीने. म्हणजे चिखल आणि पाप यांची सांगड आपल्या पूर्वजांनीही घातलीच होती. मात्र त्याच भाषेने कर्दम हे एका प्रजापती ऋषीचे नाव ठेवले आणि कमळाला पंकज म्हटले, हे तिच्या न्यायबुद्धीचे लक्षण मानले पाहिजे.

आपल्या रोजच्या मराठीचे काय? एखादे कुटुंब बुडाले की ते गाळात गेले. निवडणूक आली की चिखलफेक सुरू झाली. 'राडा' म्हणजे मुळात चिखल. आज त्याचा अर्थ मारामारी. लहान मनाच्या माणसाचे विश्व म्हणजे डबके. आणि एखाद्या व्यवहारात लबाडीचा संशय आला, तर 'कोठेतरी पाणी मुरते आहे' असे आपण म्हणतो. ज्या प्रदेशात जमिनीत पाणी मुरणे हे जीवनमरणाचे आहे, तेथे पाणी मुरण्याचा अर्थ लबाडी व्हावा, ही विचार करण्यासारखी गोष्ट आहे. 'पाणी अडवा, पाणी जिरवा' असे आज भिंतीभिंतींवर लिहिलेले आढळते. पण 'त्याची चांगली जिरवली' असे म्हणताना आपल्या मनात शेताचा विचार नसतो.

आमच्याच अमरावती जिल्ह्यातील चिखलदऱ्याचे उदाहरण घ्या. नाव ऐकताच कानाला चिखल जाणवतो. परंतु लोककथा सांगते की भीमाने कीचकाला मारून तेथील दरीत फेकले, म्हणून ती कीचकदरा आणि पुढे चिखलदरा. कथा रम्य आहे आणि ती खोटी पाडण्याचे कारण नाही. तरीही त्या थंड, धुकट, पावसाने भिजलेल्या पठाराला कीचकाचे नाव चालते आणि चिखलाचे चालत नाही, ह्यात आपला कल दिसून येतो. वस्तुतः चिखली, चिखलगाव अशी गावे महाराष्ट्रात ठिकठिकाणी आहेत; जुन्या लोकांना गावाच्या नावात चिखल असण्याची लाज वाटत नव्हती. तिवस हे एका वृक्षाचे नाव. ते ठाऊक असणाऱ्याला तिवसा म्हटले की झाड दिसते. त्याचप्रमाणे गावांच्या नावांतून झाडे, पाणी, माती यांना मान देण्याची रीत ह्या मुलखात होती.

तिवसा तालुका वर्धा नदीच्या बाजूचा. कौंडण्यपूर ह्याच तालुक्यात, नदीच्या काठावर. येथून पश्चिमेकडे अमरावती ओलांडून भातकुली, दर्यापूर, मूर्तिजापूर, अकोट ह्या दिशेने गेले की पूर्णेचे खोरे लागते आणि जमिनीचे नावच बदलते: खारपाणपट्टा. सातपुड्याच्या पायथ्याशी खचलेल्या ह्या भूभागात नद्यांनी युगानुयुगे गाळ आणून टाकला. त्या खोल गाळातील भूजल खारे आहे. वरची काळी चिकणमाती पावसाळ्यात फुगते, पाणी खाली उतरू देत नाही आणि शेतात पाऊल घालता येत नाही. उन्हाळ्यात तीच माती भेगाळते. विहीर खणली तर पाणी लागते, पण ते पिकाला आणि पोटाला दोघांनाही नको असते. 2018 साली राज्य शासनाने जागतिक बँकेच्या साहाय्याने हाती घेतलेल्या कृषी संजीवनी प्रकल्पात पूर्णेच्या खोऱ्यातील अशी 932 गावे घेण्यात आली. अशा गावांत मुलगी देताना बाप कचरतो. जमिनीला ठेवलेले नाव येथेही माणसांच्या पदरात पडले आहे.

परंतु ह्याच खाऱ्या पाण्याने एकदा वऱ्हाडची लाज राखली होती. 1930 साली देशभर मिठाचा सत्याग्रह पेटला. वऱ्हाडाला समुद्र नाही. तेव्हा अकोल्याजवळच्या दहीहांडा येथे खाऱ्या विहिरीचे पाणी काढून लोकांनी मीठ केले आणि कायदा मोडला. ज्या पाण्याला पिढ्यान् पिढ्या नावे ठेवली, तेच पाणी त्या दिवशी स्वराज्याच्या कामी आले. शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे नावही मिठाशीच, लवणाशी, निगडित आहे. आणि त्या खारट सरोवराला 2020 साली आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत स्थान मिळाले. खारेपण एके ठिकाणी कलंक, एके ठिकाणी कीर्ती.

आता सरकारी शब्दांकडे पाहू, कारण ज्या नावावर शासनाचा शिक्का बसतो त्याचे बळ निराळेच असते. सातबाराच्या उताऱ्यावर 'पोटखराब' असा एक शब्द असतो. शेतातील नाला, वाट, खडक, लागवडीला न येणारा ओला तुकडा, असे सर्व त्यात मोडते. 'पोट' म्हणजे आतला भाग आणि 'खराब' म्हणजे ज्यातून सारा वसूल होत नाही तो. बेडूक, बगळे, लव्हाळे, वासरांना मिळणारे उन्हाळी गवत, विहिरीला टिकणारा पाझर ह्यांतले काहीच त्या रकान्यात बसत नाही. महसुलाने विचारलेल्या प्रश्नाचे ते उत्तर आहे. दोष असलाच तर एवढाच की आपण त्या एका प्रश्नाचे उत्तर जमिनीचे संपूर्ण चरित्र म्हणून वाचू लागलो.

केंद्र सरकारच्या ग्रामविकास मंत्रालयाने 2000 साली देशातील पडीक जमिनींचा नकाशासंग्रह प्रसिद्ध केला. त्यात पाणी साचणारी व दलदलीची जमीन हा पडीक जमिनीचाच एक प्रकार धरलेला आहे. पुढे 2011 साली त्याच सरकारच्या अवकाश संशोधन संस्थेने देशातील पाणथळ जागांचा नकाशासंग्रह सिद्ध केला. तेथे तशीच जमीन राष्ट्राची संपत्ती म्हणून नोंदली गेली. सरकार एक, भूमीचा प्रकार एक, नावे दोन. पहिले नाव वाचणारा अधिकारी तेथे भराव घालण्याचा विचार करील, दुसरे वाचणारा कुंपण घालण्याचा. पाणथळ जागांच्या संरक्षणासाठी 2017 साली जे नियम झाले, त्यांनी नद्यांची पात्रे, भातशेते, आणि केवळ पिण्यासाठी, सिंचनासाठी किंवा मिठासाठी माणसाने निर्माण केलेले जलसाठे व्याख्येबाहेर ठेवले. विदर्भातील बरेचसे पाणी धरणांच्या व तलावांच्या रूपाने उभे आहे. मोर्शीजवळच्या अप्पर वर्धा धरणाच्या काठावर हिवाळ्यात उतरणाऱ्या पाहुण्या पक्ष्याला आपण व्याख्येच्या आत उतरलो की बाहेर, हे कळण्याचा मार्ग नाही. नाशिक जिल्ह्यातील नांदूर मधमेश्वर हीदेखील गोदावरीवरील बंधाऱ्यामुळे, म्हणजे माणसाच्या हातून, निर्माण झालेली पाणथळ. तरी 2020 साली रामसर यादीत गेलेली महाराष्ट्रातील ती पहिली जागा. ज्याने वस्तू घडविली त्याच्यावरून वस्तूचे मोल ठरवू नये, एवढे तरी ह्यातून शिकावे.

येथे एका रास्त आक्षेपाला उत्तर दिले पाहिजे. चिखलाचे गोडवे गाणे सोपे आहे; त्यात राहणे कठीण. ज्या घरात मलेरियाने मूल दगावले, ज्या गावात खारे पाणी पिऊन माणसे आजारी पडली, कालव्याच्या पाझराने ज्याचे चांगले शेत चिबड झाले, त्याला आपण कमळाची उपमा ऐकवणार काय? हा प्रश्न टाळता येत नाही. ह्याच मातीत गाडगेबाबांनी हातात खराटा घेतला. तिवसा तालुक्यातल्याच गुरुकुंज मोझरीहून राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी ग्रामस्वच्छतेचा आग्रह धरला. घरामागचे कुजके डबके बुजविणे हे पुण्यकर्मच होते आणि आहे. इंग्लंडच्या फेनमधील रहिवासी हिवतापाने कुडकुडत असत, हेही खरे.

म्हणून निंदेच्या जागी स्तुती बसविणे हा उपाय नव्हे. खोटी स्तुती ही नावे ठेवण्याचीच उलटी बाजू आहे. दोन्हींत वस्तूकडे पाहण्याचे कष्ट टाळलेले असतात. 'वेटलँड' हा नवा शब्द विसाव्या शतकाच्या मध्यापासून रूढ झाला आणि 1971 साली इराणमधील रामसर शहरी झालेल्या कराराने जगभर गेला. त्याने निंदा धुऊन काढली, हे त्याचे उपकार. पण धुता धुता त्याने वासही घालवला. मार्श, फेन, बॉग, स्वॉम्प ह्या शब्दांत पायाला जो फरक जाणवत होता, तो एका स्वच्छ कचेरी-शब्दात विरून गेला. आपल्या 'पाणथळ' शब्दाचीही तीच गत होऊ नये. पाणी आणि थळ, म्हणजे स्थळ, एवढा साधा तो शब्द. त्याच्या पोटात अनेक सूक्ष्म भेद नांदत होते: आतून पाणी फुटते ती उपळट, पाणी साचून बिघडलेली ती चिबड, तळे आटताना उघड्या पडलेल्या ओलीवर करतात ती गाळपेर, खाडीकाठची खाजणे, वसईकडची मिठागरे आणि पूर्व विदर्भातील बोड्या. ज्याला उपळट आणि चिबड यांतला फरक कळतो, तो कोणती जमीन निचरा करून सुधारावी आणि कोणतीला हात लावू नये, हेही जाणतो. शब्द गेला की हा विवेक जातो. गाळाचेच पाहा. 'गाळात जाणे' म्हणजे नाश असे भाषा सांगते. पण 2017 पासून राज्य शासनच धरणांतला गाळ काढून शेतात नेण्यास सांगत आहे, आणि शेतकरी तो ट्रॅक्टरने वाहून नेत आहे.

अविवेकाची किंमत कशी मोजावी लागते ह्याचा एक लोखंडी साक्षीदार इंग्लंडच्या होम फेनमध्ये उभा आहे. तेथील सरोवर व भोवतालची भूमी उपसण्याचे काम निघाले तेव्हा, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, एक खांब जमिनीत पुरण्यात आला. त्याचे टोक जमिनीच्या पातळीला होते. पाणी गेल्यावर खालची कुजट वनस्पतींची माती आकसत आणि झिजत गेली. आज त्या खांबाचे टोक जमिनीपासून सुमारे 4 मीटर उंच आहे. खांब वर आला नाही; भूमी खाली गेली. त्या काळ्या ओल्या मातीत हजारो वर्षांचा कार्बन दडलेला असतो. पृथ्वीच्या भूभागाचा जेमतेम शेकडा 3 हिस्सा व्यापणाऱ्या अशा भूमीत जगातील सर्व अरण्यांच्या वृक्षराजीपेक्षा अधिक कार्बन साठलेला आहे, हे आता शास्त्राला ठाऊक झाले आहे. उपसणाऱ्यांना ते ठाऊक नव्हते. त्यांना फक्त नाव ठाऊक होते.

पोप फ्रान्सिस यांनी 2015 साली 'लाउदातो सी' ह्या परिपत्रकात पाणथळींची शेते करताना किती विविध जीवसृष्टी लोप पावते, ह्याकडे लक्ष वेधले. परंतु ही दृष्टी आपल्या धर्मग्रंथात नव्याने घालावी लागत नाही. ती तेथे पूर्वीपासून आहे. बाळ मोशेला आईने टोपलीत घालून ठेवले ते नदीकाठच्या लव्हाळ्यांत. त्या लव्हाळ्यांसाठी हिब्रू भाषेत जो 'सूफ' शब्द आहे, तोच शब्द इस्राएल लोकांनी ओलांडलेल्या समुद्राच्या नावात आहे. ग्रीक भाषांतरकारांनी त्याला 'तांबडा समुद्र' म्हटले आणि तेच नाव रूढ झाले; अनेक अभ्यासक मूळ नावाचा अर्थ 'लव्हाळ्यांचा समुद्र' असा लावतात. ज्या लव्हाळ्यांनी एका अर्भकाला फारोपासून लपविले, त्याच लव्हाळ्यांच्या नावाच्या पाण्यातून पुढे एका प्रजेची मुक्ती झाली. स्तोत्रकर्ता चिखलात रुतल्याचा आक्रोश करतो, यिर्मया चिखलाच्या विहिरीत टाकला जातो, हे खरेच. ग्रंथ चिखलाचे भय लपवीत नाही. पण जन्मांधाला दृष्टी देताना प्रभू येशूने मातीचा चिखल केला आणि तो त्याच्या डोळ्यांना लावला, हेही तोच ग्रंथ सांगतो.

सर्वांत विचार करावयास लावणारा उल्लेख प्रेषित यहेज्केलच्या सत्तेचाळिसाव्या अध्यायात आहे. मंदिरातून नदी निघते, ती जेथे जाईल तेथे खारे पाणी गोडे होते, काठावर फळझाडे उभी राहतात. असे सारे आरोग्य वर्णन करीत असता प्रेषित मध्येच म्हणतो की दलदली आणि पाणथळी मात्र गोड्या होणार नाहीत. त्या मिठासाठी राखल्या जातील. काही भाष्यकारांना ह्यात शिक्षा दिसली. इतरांना त्यात तरतूद दिसली, कारण मीठ हे अन्नाला लागते आणि मंदिरातील अर्पणालाही. हा दुसरा अर्थ खारपाणपट्ट्यातील माणसाला अधिक लवकर पटेल. देवाच्या पूर्ण झालेल्या योजनेतही सारे एकाच चवीचे होत नाही. जे गोडे व्हावयाचे ते गोडे होते. जे खारे राहावयाचे त्याला खारे राहण्याचा अधिकार आणि उपयोग दोन्ही असतात.

सोळाव्या शतकाच्या अखेरीस फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडहून गोव्यास आले. साष्टीच्या खाजणांच्या मुलखात त्यांनी आयुष्य वेचले, आणि परकीयांच्या तोंडी हीन मानल्या गेलेल्या ह्या भूमीची भाषा शिकून तिच्यात 'ख्रिस्तपुराण' रचले. ते 1616 साली प्रसिद्ध झाले. दुसऱ्याच्या गोष्टीला नाव देण्यापूर्वी तिचे स्वतःचे नाव काय ते विचारावे, हा धडा त्यांच्या चरित्रातून घेता येतो.

आरंभीच्या प्रश्नाकडे आता परत यावयास हरकत नाही. नाव देणे आणि नावे ठेवणे यांतली सीमारेषा कोठे आहे? मला वाटते, ती तीन साध्या कसोट्यांवर ओळखता येते. नाव देताना वस्तू सर्व ऋतूंत पाहिली होती का, की केवळ आपल्या गैरसोयीच्या दिवशी? तिच्यावर ज्यांचे जीवन अवलंबून आहे त्यांना, शेतकऱ्याला, गुराख्याला, भोयाला, विचारले होते का? आणि ते नाव ऐकणाऱ्याच्या मनात पाहण्याची इच्छा जागी होते, की पाहणे संपते? ज्या नावाने पाहणे संपते ते नाव नव्हे, तो निकाल असतो. आणि साक्षी न काढता दिलेला निकाल म्हणजे खोटी साक्ष. शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नको, ही आठवी आज्ञा आपण माणसांपुरती पाठ केली आहे. गावाशेजारची ओली जमीन हीदेखील शेजारीणच आहे.

आणि माणसांचे? वर्गात मागे राहणारे मूल 'ढ', वेगळे बोलणारा 'अडाणी', घटस्फोटित बाई 'तसली', आजारी मनाचा माणूस 'वेडा': आपल्या घरादारांत आणि धर्मग्रामांत अशी पोटखराबाची नोंद किती जणांच्या नावापुढे झालेली असेल! धड इकडचे नाहीत, धड तिकडचे नाहीत, म्हणून आपल्या रकान्यांत न बसणारे हे लोक. त्यांच्या ठायी कोणते पाणी मुरलेले आहे, कोणाच्या विहिरीला त्यांचा पाझर आहे, हे आपण तपासलेले नसते.

बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मगुरू आईबापांना प्रथम एकच विचारतात: ह्या बाळाचे नाव काय ठेवले? त्या प्रश्नात अपेक्षा असते, निकाल नसतो. उभे आयुष्य पुढे आहे आणि नावाला अर्थ यायचा आहे, हे सर्वांनी गृहीत धरलेले असते. आपण ज्याला ज्याला म्हणून नाव देऊ, मग ती पूर्णेकाठची खारी जमीन असो की शेजारचा माणूस, त्याला तेवढीच सवलत दिली तरी पुष्कळ झाले.